दोन हात पांढरा

लिलावात घेतली गाडी. जिल्हा परिषदेच्या आवारात
चिंचेखाली चार वर्षं उभी होती.
दिघोरीच्या मुश्ताक पेंटरनं दोन हात पांढरा मारला,
म्हणाला, ताई, तिसरा लागंल, अक्षरं हट्टी आहेत.
मला घाई होती,
एकसष्ट वर्षं थांबलेल्या बाईला असते तशी.

आत एक गादी, एक शेगडी, पाण्याची कॅन,
खिडकीला जुन्या वायलचा पडदा.
जावई म्हणाला, अमेरिकेत असेच फिरतात लोक,
चाकांवर घर घेऊन, एकेकटे.
मुलगी म्हणाली, तिथं रस्ते आहेत.

मी काही बोलले नाही. सतरा वर्षं बोलून झालं होतं
ट्रंक एक्स्चेंजमध्ये, कानावर काळा हेडफोन:
उमरेड बोला. भिवापूर बोला. पवनी लाइन बिझी आहे.
लग्न ठरलं, म्हातारा गेला,
मिरची काय भाव,
तीन मिनिटं झाली, वाढवू?
ऐकायचं नसतं. ऐकू यायचं.
मग यंत्रं आली, मी बिलं तपासत बसले.
इतकी गावं गेली माझ्या बोटांमधून,
पाहिलं एकही नव्हतं.

उमरेडपर्यंत कोळशाचे ट्रक पुढं, कोळशाचे ट्रक मागं.
भिवापूरच्या अलीकडं डावीकडं वळले.
रस्ता नकाशात होता, जमिनीवर जरा कमी.
ऊन तिरपं झालं आणि पांढऱ्याखालून
एकेक अक्षर वर आलं, मला न विचारता:
फिरता पशुवैद्यकीय दवाखाना.

आधी आली बकरी.
बकरीमागं पोरगं, पोरामागं अर्धं गाव.
‘डाक्टरीनबाई, कालपासून खाऊन नाई राह्यली थे.’
मी डॉक्टर नाही हो.
‘मंग गाडी कायची हाय?’
मी खाली उतरून गाडीकडं पाहिलं.
काय सांगणार. माझी आहे, म्हटलं. राहते हिच्यात.
हसू आलं कुणाला तरी, मग सगळ्यांनाच,
आणि मागून एक आवाज:
‘बरं झालं बाप्पा,
म्हंजे जेवाले तरी वेळ भेटन तुमाले.’

देवाजी ठवकरनं गाडी आपल्या खळ्यात घेतली.
‘तिथं नोका लावू. मोहाची फुलं पडून राह्यली,
रातच्याले अस्वल येते.’
सयत्राबाईनं ताट आणलं: जाड भात, लाखोरीचं वरण,
आणि मिरचीचा ठेचा असा
की भिवापूर पुन्हा कानात वाजलं.
मी जेवले, ती पायरीवर बसून राहिली.
‘एकटीच निजता? भेव नाई लागत?’
लागतं, म्हटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी.
‘मंग मी येतो ना.’
गेली, गोधडी घेऊन आली,
एकीच्या गादीवर आम्ही दोघी, कुशी बदलायची तर विचारून.

मग बोलली. पुण्याला गेलेली जाऊ,
विहिरीचा लागलेला झरा, नवऱ्याचं घोरणं,
न झालेली एक मुलगी, तिचं ठरवून ठेवलेलं नाव.
तीन मिनिटं कधीच झाली होती.
जिभेवर आलं होतं ते वाक्य, सवयीनं.
गिळलं.

सकाळी पडदा नव्हता.
खिडकीत डोकं घालून
वायलचं शेवटचं टोक चावत होती बकरी.
‘पाहा!’ देवाजी ओरडला,
‘बाईच्या हाताले गुन हाय!’
दुपारपर्यंत दोन म्हशी आणि एक लंगडा बैल
रांगेत उभे होते. मी त्यांच्या कपाळाला हात लावला.
आणखी काय येतं मला.

मोबाइल वाजला. मुलगी.
सयत्राबाई तेव्हा हातवारे करून सांगत होती
कोणत्या वर्षी वाघ या खळ्यातून पाणी पिऊन गेला
आणि वाघ जिथं वळला, तिथं पोचली होती.
मी फोन कानाला लावला,
आवाज आपोआप जुना झाला:
लाइन बिझी आहे,
थोड्या वेळानं करा.